जेडीके नीट बसवा: पहिल्या जावा प्रोग्रामपर्यंतचा रस्ता

जावा शिकायला बसलेल्या माणसाचा पहिला दिवस सहसा भाषेत जात नाही, इन्स्टॉलेशनमध्ये जातो. प्रोग्राम पाच ओळींचा असतो, तो बरोबरही असतो, तरी चालत नाही. बहुतेक वेळा कारण एकच निघतं: मशीनवर दोन-तीन जावा बसलेले असतात आणि टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, भलत्यालाच हाक मारतं. म्हणून इथे भाषेपेक्षा जेडीकेवर, म्हणजे जावा डेव्हलपमेंट किटवर, जास्त जोर दिला आहे. आपलं मशीन नेमका कोणता जावा चालवतंय हे कळलं की निम्मे एरर आपोआप समजायला लागतात.

कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना अक्षरं आणि अंक दोन्ही रोमन हवेत. कमांड स्मॉलमध्ये, क्लासचं नाव मात्र कॅपिटल अक्षराने सुरू.

किटमध्ये काय असतं

जेडीके उलगडल्यावर आत बिन नावाचा फोल्डर दिसतो. रोजची हत्यारं तिथेच असतात. जावासी हा कंपायलर: तो .जावा फाइल वाचून .क्लास फाइल तयार करतो. जावा हा लाँचर: तो व्हर्च्युअल मशीन सुरू करून ती .क्लास फाइल चालवतो. जेशेलमध्ये एकेक ओळ टाकून लगेच उत्तर बघता येतं; हा जावा ९ पासून आला. जार .क्लास फाइलींचा एका फाइलमध्ये गठ्ठा बांधतो, जेडीबी हा चुका शोधायला मदत करणारा डीबगर आहे. लिब फोल्डरमधली एसआरसी.झिप बहुतेकांच्या नजरेतून सुटते. तिच्यात स्टँडर्ड लायब्ररीचा सगळा सोर्स असतो. एखादी मेथड आतून कशी चालते हे वाचायला याहून चांगली जागा नाही.

जेआरई, म्हणजे जावा रनटाइम एन्व्हायर्नमेंट, वेगळं. त्यात प्रोग्राम चालवायची सोय असते, लिहून कंपाइल करायची नसते. जावा चालतो पण जावासी सापडत नाही, अशी तक्रार असेल तर तुमच्याकडे जेआरई आहे, किंवा पाथ, म्हणजे टर्मिनल ज्यांत कमांड शोधतं त्या फोल्डरांची यादी, जेआरईकडे वळलेला आहे.

कोणती आवृत्ती, कोणाची

२०१८ पासून दर सहा महिन्यांनी जावाची नवी आवृत्ती येते. त्यातल्या काहींनाच दीर्घकाळ दुरुस्त्या मिळतात. ८, ११, १७, २१ आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आलेली २५ या त्या एलटीएस आवृत्त्या. नव्याने सुरुवात करताना २१ किंवा २५ घ्या. अभ्यासक्रमात किंवा कामावर १७ सांगितली असेल तर १७ घ्या. शिकण्यासाठी ती काही कमी पडत नाही. मधली आवृत्ती घेऊ नका, कारण सहा महिन्यांत तिच्या दुरुस्त्या बंद होतात.

ओपनजेडीके हा मूळ सोर्स. त्यावरून तयार केलेले संच अनेक संस्था देतात: एक्लिप्स टेम्युरिन, ॲमेझॉन कोरेटो, अझुल झुलू, मायक्रोसॉफ्टचा, ओरॅकलचा. शिकणाऱ्यासाठी त्यांच्यात फरक जवळपास नाही. ओरॅकलच्या संचाच्या परवान्याच्या अटी मात्र आवृत्तीप्रमाणे बदलत गेल्या आहेत. व्यावसायिक वापर असेल तर त्या वाचून घ्या, किंवा सरळ टेम्युरिन वापरा. पुढची उदाहरणं टेम्युरिन २१ ची आहेत.

डाउनलोड साधारण २०० एमबीचं. फाइल निवडताना प्रोसेसर बघा: इंटेल किंवा एएमडी असेल तर एक्स६४, ॲपलच्या एम मालिकेतली चिप असेल तर एआर्च६४.

विंडोजवर

एमएसआय इन्स्टॉलर चालवला की पर्यायांची एक यादी येते. तिच्यात पाथमध्ये भर घालण्याचा पर्याय आधीच चालू असतो, पण जावा होम, म्हणजे जेडीके कुठे बसलंय हे इतर साधनांना सांगणारं व्हेरिएबल, सेट करण्याचा बंद असतो. त्यावर क्लिक करून तोही चालू करा. मेव्हन, ग्रेडल यांसारखी प्रोजेक्ट बांधणारी साधनं जावा होम बघतात, आणि ही एक क्लिक राहून गेल्याने पुढे तास-तास जातात.

झिप घेतली असेल तर दोन्ही गोष्टी हाताने कराव्या लागतात. स्टार्ट मेन्यूत एन्व्हायर्नमेंट असं शोधा आणि सिस्टिम व्हेरिएबल्सची खिडकी उघडा. तिथे जावा होम हे नवं व्हेरिएबल तयार करा. नाव सगळं कॅपिटल आणि दोन शब्दांमध्ये अंडरस्कोर. किंमत म्हणून जेडीकेचा मुख्य फोल्डर द्या, त्यातला बिन नव्हे. मग पाथमध्ये टक्केचिन्हांच्या मध्ये जावा होम, पुढे उलटा स्लॅश आणि बिन, अशी ओळ घाला आणि ती यादीत सगळ्यात वर न्या.

इथे दोन खाचखळगे आहेत. विंडोज आधी सिस्टिमचा पाथ बघतं, मग युझरचा. जुना जावा सिस्टिमच्या पाथमध्ये असेल आणि नवा तुम्ही युझरच्या पाथमध्ये घातला, तर जुनाच जिंकणार, मग युझरच्या यादीत नवा कितीही वर असो. दुसरा खळगा सेटएक्स या कमांडचा. तिने पाथ बदलायला गेलात तर १०२४ अक्षरांपुढचा भाग कापला जातो आणि इतर प्रोग्राम बंद पडतात. पाथ खिडकीतूनच बदला.

बदल झाल्यावर नवं टर्मिनल उघडा. आधीपासून उघडं असलेलं टर्मिनल जुनेच व्हेरिएबल घेऊन बसलेलं असतं. एडिटरच्या आतलं टर्मिनल वापरत असाल तर अख्खा एडिटर बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो.

लिनक्स आणि मॅकवर

उबंटू किंवा डेबियनवर पॅकेजच्या नावाचा शेवट बघा. ओपनजेडीके-२१-जेडीके हवं, शेवटी जेआरई असलेल्यात कंपायलर नसतो. फेडोरावर हाच फरक डेव्हेल या शब्दात आहे: जावा-२१-ओपनजेडीके-डेव्हेल. त्यातला डेव्हेल गाळला की फक्त चालवणारा भाग बसतो. डेबियन घराण्यात अनेक जावा असतील तर अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज --कॉन्फिग जावा या कमांडने निवड बदलते. ती सुडोने, म्हणजे ॲडमिनच्या हक्काने, चालवा आणि जावासीसाठी वेगळी चालवा. एक बदलून दुसरी विसरणं हा नेहमीचा घोळ आहे.

मॅकवर पीकेजी इन्स्टॉलर पुरतो. तिथे जावा नावाची कमांड आधीपासूनच असते, पण ती नुसती पाटी आहे; मागे जेडीके नसेल तर जावा रनटाइम सापडत नाही असं सांगून थांबते. यूएसआरमधल्या लिबएक्झेक फोल्डरातला जावा_होम हा छोटा प्रोग्राम -व्ही देऊन चालवा, व्ही कॅपिटल. बसलेल्या सगळ्या जेडीकेंची यादी मिळते.

वेगवेगळ्या आवृत्त्यांमध्ये सारखी अदलाबदल करावी लागणार असेल, तर लिनक्स आणि मॅकवर एसडीकेमॅन हे आवृत्त्या सांभाळणारं साधन वापरणं सोयीचं.

तीन प्रश्न

प्रोग्राम लिहिण्याआधी टर्मिनलमध्ये तीन गोष्टी विचारा: जावा -व्हर्जन, जावासी -व्हर्जन आणि जावा होमची किंमत. ही किंमत विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये एकोनंतर टक्केचिन्हांत नाव लिहून दिसते, लिनक्स आणि मॅकवर नावाआधी डॉलरचं चिन्ह लावून. व्हर्जनच्या आधी एकच डॅश द्या. दोन डॅशचं रूप जावा ८ ला कळत नाही, एक डॅश सगळ्यांना कळतो.

तिन्ही उत्तरं एकाच आवृत्तीची हवीत. जावा ८ आणि जावासी २१ असं दिसलं तर पुढे जाऊ नका. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये व्हेअर जावा, लिनक्स आणि मॅकवर व्हिच -ए जावा टाका. पाथमधले सगळे जावा क्रमाने दिसतील आणि पहिला येईल तोच चालतो. बरेचदा पहिल्या जागी जावापाथ नावाचा फोल्डर असतो. तो जुन्या ओरॅकल इन्स्टॉलरने मागे ठेवलेला असतो. पाथमधून ती ओळ काढा किंवा खाली ढकला.

पहिला प्रोग्राम

नवा फोल्डर करा. आत नमस्कार.जावा ही फाइल बनवा, रोमन लिपीत, एन कॅपिटल.

पब्लिक क्लास नमस्कार {
 पब्लिक स्टॅटिक व्हॉइड मेन(स्ट्रिंग[] आर्ग्स) {
 सिस्टिम.आउट.प्रिंटएलएन("नमस्कार");
 }
}

क्लास, स्ट्रिंग आणि सिस्टिम ही नावं जशीच्या तशी हवीत: स्ट्रिंगचा एस कॅपिटल, सिस्टिमचाही. शेवटच्या कंसातला शब्द देवनागरीतच ठेवा, त्याचं कारण पुढे येईल. फोल्डरमध्ये टर्मिनल उघडून आधी जावासी -डी आउट नमस्कार.जावा चालवा, मग जावा -सीपी आउट नमस्कार. पहिल्या कमांडनंतर स्क्रीनवर काहीच आलं नाही तर कंपाइल यशस्वी झालं. -डी आउटमुळे .क्लास फाइल आउट नावाच्या वेगळ्या फोल्डरात जाते, आणि -सीपी आउट लाँचरला क्लास त्याच फोल्डरात शोधायला सांगतो; अशा शोधायच्या जागांना क्लासपाथ म्हणतात. ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

त्याचं कारण असं. जावा ११ पासून कंपाइल न करता जावा नमस्कार.जावा असंही चालवता येतं. पण त्याच फोल्डरात नमस्कारची .क्लास फाइल पडलेली असेल तर ११ आणि १७ मध्ये लाँचर अडतो आणि हा क्लास ॲप्लिकेशन क्लास पाथवर आधीच आहे असं सांगतो. .क्लास फाइल वेगळ्या फोल्डरात असली की ही वेळ येत नाही.

काय बिघडतं आणि का

फाइल सापडत नाही असं जावासी म्हणालं तर विंडोजवर एक्स्टेन्शन दाखवण्याचा पर्याय चालू करून बघा. नोटपॅडने फाइलला नमस्कार.जावा.टीएक्सटी असं नाव दिलेलं असण्याची शक्यता मोठी आहे.

पब्लिक क्लासचं नाव आणि फाइलचं नाव अक्षरशः एकच लागतं, कॅपिटल-स्मॉलसकट. नाहीतर हा क्लास अमुक नावाच्या फाइलमध्ये असायला हवा, असा एरर येतो.

कुड नॉट फाइंड ऑर लोड मेन क्लास हा एरर सगळ्यांना एकदा तरी भेटतो. नेहमीचं कारण म्हणजे जावा नमस्कार.क्लास असं टाइप केलेलं असणं. लाँचरला फाइलचं नाव नको असतं, क्लासचं हवं असतं. टिंब दिसलं की तो नमस्कार हे पॅकेज समजतो आणि त्यात क्लास नावाचा क्लास शोधत बसतो. दुसरं कारण क्लासपाथ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल. जुन्या ट्यूटोरियलमध्ये ते सेट करायला सांगतात. ते सेट झालं की लाँचर चालू फोल्डरात आपण होऊन बघत नाही. ते काढून टाका आणि दरवेळी -सीपीनेच सांगा. अनेक जागा द्यायच्या असतील तर विंडोजवर मध्ये अर्धविराम, इतरत्र कोलन.

देवनागरी छापताना

इथे थोडं थांबू, कारण आपल्या भाषेत प्रोग्राम लिहिणाऱ्याला हे टाळताच येत नाही. अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या पद्धतीला एन्कोडिंग म्हणतात आणि यूटीएफ-८ हे त्यातलं एक; त्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. नमस्कार या शब्दात न, म, स, हलन्त, क, काना, र अशी सात चिन्हं आहेत. स्ट्रिंगची लेन्ग्थ विचारली की ७ येतं आणि यूटीएफ-८ बाइट मोजले की २१. वाचणाऱ्याला चार अक्षरं दिसतात, जावाला सात. मजकूर उलटा करायचा किंवा कापायचा प्रोग्राम लिहाल तेव्हा हाच फरक आडवा येईल.

जावा १८ पासून कंपायलर सोर्स फाइल यूटीएफ-८ धरूनच वाचतो. १७ आणि त्याआधी तो ऑपरेटिंग सिस्टिमचं एन्कोडिंग धरतो. इंग्रजी विंडोजवर ते बहुधा विंडोज-१२५२ असतं. हलन्ताचा शेवटचा बाइट हेक्समध्ये ८डी, आणि विंडोज-१२५२ मध्ये नेमकी तीच जागा रिकामी आहे. त्यामुळे नमस्कार लिहिलं की अनमॅपेबल कॅरॅक्टर अशी तक्रार येते. नमन लिहिलं तर त्यात हलन्त नसल्याने सगळं गुपचूप कंपाइल होतं आणि मग स्क्रीनवर कचरा छापला जातो. उपाय एकच: जावासीला -एन्कोडिंग यूटीएफ-८ द्या.

कंपाइल नीट झालं पण विंडोजच्या टर्मिनलमध्ये प्रश्नचिन्हं दिसतात, तर दोष सोर्सचा नाही, कन्सोलचा आहे. आधी सीएचसीपी ६५००१ टाका, म्हणजे कन्सोल यूटीएफ-८ वर येतो, मग प्रोग्राम चालवा. चौकोन दिसत असतील तर बाइट बरोबर आहेत, फॉन्टमध्ये देवनागरी नाही, फॉन्ट बदला. आणि पहिल्याच ओळीत बेकायदेशीर कॅरॅक्टर असा एरर आला, पुढे एफईएफएफ असा आकडा दिसला, तर एडिटरने फाइलच्या सुरुवातीला बीओएम हे न दिसणारं चिन्ह घातलं आहे. यूटीएफ-८ विदाउट बीओएम निवडून पुन्हा सेव्ह करा.

दुसऱ्या मशीनवर नेताना

जार --क्रिएट --फाइल नमस्कार.जार --मेन-क्लास नमस्कार -सी आउट आणि शेवटी एक टिंब, अशी कमांड दिली की एकच फाइल तयार होते. इथला -सी कॅपिटल आहे. ही फाइल जावा -जार नमस्कार.जार असं म्हणून चालते. मेन क्लास सांगायला विसरलात तर नो मेन मॅनिफेस्ट ॲट्रिब्यूट असा एरर येतो.

समोरच्या मशीनवर अनसपोर्टेड क्लास व्हर्जन एरर आला तर त्यातले दोन आकडे वाचा. ५२ म्हणजे जावा ८, ५५ म्हणजे ११, ६१ म्हणजे १७, ६५ म्हणजे २१, ६९ म्हणजे २५. आकड्यातून ४४ वजा केले की आवृत्ती मिळते. पहिला आकडा तुमच्या फाइलचा, दुसरा त्या मशीनला झेपणारा. ६५ आणि ६१ दिसले तर तिथे १७ आहे. एकतर तिथला जावा वाढवा, नाहीतर तुमच्याकडे जावासीला --रिलीज १७ देऊन पुन्हा कंपाइल करा. सोर्स आणि टार्गेट हे जुने पर्याय वापरू नका. त्यांनी आकडा बदलतो, पण १७ मध्ये नसलेली लायब्ररीतली मेथड वापरली असेल तर ती चूक पकडली जात नाही. --रिलीज ती कंपाइल करतानाच दाखवतो.