मांजराला महिन्यातून एकदा काट्यावर घ्या

मांजर आजारपण लपवतं, आपल्याला कळेपर्यंत बराच उशीर झालेला असतो, म्हणून मी एकच साधं काम करते, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या बोक्याचं वजन. त्याला उचलून काट्यावर उभं राहायचं, मग खाली सोडून एकटीने, वजाबाकी केली की झालं. तो सुटायला बघतो, आकडा नाचतो, दोन-तीनदा करावं लागतं, चालायचंच. 100 ग्रॅमचा फरक दाखवणारा डिजिटल काटा असेल तर उत्तम, आकडा कॅलेंडरवरच लिहून टाका.

4 किलोच्या मांजराचं 400 ग्रॅम उतरलं म्हणजे 10 टक्के गेलं, 60 किलोच्या माणसाचे 6 किलो जावेत तसं! पण अंगभर केस असल्यामुळे नुसतं बघून पत्ताच लागत नाही. वयस्कर मांजरात किडनी, थायरॉइड, शुगर यात बऱ्याचदा वजन उतरणंच आधी दिसतं, तेव्हा तडक डॉक्टरकडे न्या, ब्लड टेस्ट करून घ्या.

वाळूचा ट्रे साफ करतानाही लघवीने वाळूचे गोळे किती झाले ते बघत जा. बोका सारखा बसतोय, जोर लावतोय आणि होत काहीच नाही, तर बद्धकोष्ठता असेल म्हणून सकाळपर्यंत थांबू नका, लघवी तुंबली असेल तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. आणि अंग गरम लागलं म्हणून घरातली पॅरासिटामॉल तर अजिबात नाही, मांजराला ती विषच आहे.