आयरिश वरंब्यावरचा बटाटा: या चुका टाळा

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, कॉनेमारा नि मेयोच्या ओलसर जमिनीत, बटाटा पिढ्यान्‌पिढ्या ज्या वरंब्यांवर पिकला त्यांना लेझी बेड म्हणतात. ही पद्धत करून पाहणारे हौशी लोक पहिल्याच दिवशी चुकतात: सगळी जमीन खणून भुसभुशीत करतात. तसं करायचं नसतं. तीनेक फूट रुंदीचा पट्टा गवतासकट तसाच ठेवायचा, त्यावर शेणखत किंवा किनाऱ्यावरचं समुद्रशेवाळ पसरायचं, बेणं, म्हणजे लावायचे बटाटे, मांडायचं आणि दोन्ही बाजूंची गवताळ ढेपळं कापून त्यावर पालथी घालायची. गवताला गवत भिडतं नि आतल्या आत कुजून खत होतं. बाजूला ज्या सऱ्या पडतात त्यांतून पाणी निघून जातं, म्हणून त्या उताराच्या दिशेनेच हव्यात. आडव्या काढल्या तर पाणी साचून बेणं कुजणारच.

सेंट पॅट्रिकचा दिवस, 17 मार्च, हा तिथला लागवडीचा जुना मुहूर्त. पण मुठीत दाबल्यावर मातीचा चिखल होत असेल, तर मुहूर्त खुशाल टळू द्या. बेण्याच्या प्रत्येक फोडीला डोळा हवा आणि काप सुकलेला हवा.

कोंब वर आले की सरीतली माती वरंब्यावर चढवा. याचा कंटाळा केला तर कंद उघडे पडून हिरवे होतात. असे बटाटे खाऊ नयेत.

करपा या बटाट्याचा पाला नि कंद सडवणाऱ्या रोगाला मात्र हलक्यात घेऊच नका. 1845 साली तो आयर्लंडात आला, तेव्हा गरिबांच्या शेतात मुख्यतः लंपर ही एकच जात होती. पुढच्या काही वर्षांत भूक आणि रोगराईने सुमारे 10 लाख माणसं गेली. एकाच जातीवर भिस्त ठेवण्याची चूक आजही अनेक जण करतात, याचं वाईट वाटतं.

तापमान 10 अंशांच्या वर नि हवेत दमटपणा 90 टक्क्यांच्या पुढे असा अर्धा दिवस गेला की करप्याला रान मोकळं. पानांवर काळपट डाग पडतात, दमट सकाळी पान उलटून पाहिलं तर डागाच्या कडेने पांढरी बुरशी दिसते. मोरचूद आणि धुण्याच्या सोड्याचं द्रावण तिथले शेतकरी फवारत, पण रोग येण्याआधी. रोग पसरल्यावर फवारून पाला वाचत नाही. तेव्हा पाला जमिनीलगत कापून शेताबाहेर न्या आणि काढणी दोन-तीन आठवडे लांबवा. घाईने खणलेत तर बीजाणू कंदांना लागतात, आणि वरून धडधाकट दिसणारा ढीग साठवणीत सडतो.