जळालेल्या मातीत जीव उरलेत का? बाटलीने बघा

आग विझल्यावर वर नुसती राख दिसते. मातीतले बारीक जीव वाचले की नाही, कळत नाही.

१. प्लास्टिकची बाटली कापा. वरचा भाग, बूच काढून, खालच्या भागात उलटा बसवा. तळाशी ओला कागद.
२. या नरसाळ्यात जाळी, तिच्यावर वरच्या थरातली ओंजळभर माती.
३. वर तारेचा छोटा बल्ब ३-४ दिवस. एलईडी नको, ऊब पुरत नाही. माती वाळते तसे स्प्रिंगटेल (उड्या मारणारे बारीक जीव), माइट (कोळ्याच्या कुळातले बारीक जीव) ओल शोधत खाली उतरून कागदावर पडतात.

शेजारच्या न जळलेल्या जागेची मातीही लावाच, नाहीतर तुलना कशाशी करणार? पाचोळ्यातले जीव आधी मरतात, खोलवरचे बऱ्याचदा वाचतात; म्हणून मी १० सेंमी खालचाही नमुना घेते.

बल्ब मातीपासून वीतभर दूर ठेवा. सुका पाचोळा पेटू शकतो.