इंग्रजीत दुसऱ्याचं बोलणं सांगताना या चुका टाळा

‘सर टोल्ड दॅट आय विल नॉट कम टुमॉरो, सेंड द मटेरियल टुडे.’ उद्यमबागेतल्या एखाद्या वर्कशॉपमधून कोइमतूरच्या सप्लायरला असा मेसेज जातो आणि तिकडचा माणूस बुचकळ्यात पडतो. उद्या कोण येणार नाही? मेसेज लिहिणारा की त्याचे साहेब? आणि माल पाठवा असं नेमकं कोण सांगतंय? स्पेलिंग बरोबर आहे, शब्दही सगळे ओळखीचे आहेत, तरी निरोप पोचत नाही.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी भागातली आपली मुलं घरी मराठी बोलतात, बाजारात कन्नड बोलतात आणि नोकरीला लागली की गोव्यात, पुण्यात, बंगळूरला इंग्रजीत निरोप देतात. या निरोपांत त्याच त्या चुका दिसतात. त्या सगळ्या सारख्या महत्त्वाच्या नाहीत. काहींनी वाक्य फक्त कानाला खटकतं, काहींनी अर्थच उलटतो. म्हणून अर्थ उलटवणाऱ्या चुका आधी घेऊ.

‘मी’ कोण, ते ठरवा

आई विचारते, ‘अण्णा काय म्हणाला रे?’ धाकटा सांगतो, ‘मी शनिवारी येतो म्हणून म्हणाला.’ यातला ‘मी’ म्हणजे अण्णा, हे घरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. ‘अण्णा म्हणाला की मी शनिवारी येतो’ असं म्हटलं तरी ‘मी’ अण्णाच राहतो. कन्नडमध्येही तीच तऱ्हा आहे. ‘शनिवारा बर्तेनि अंत हेळिदा’ यात ‘बर्तेनि’ हे रूप बोलणाऱ्या ‘मी’चंच आहे. मराठी ‘म्हणून’चं काम कन्नडमध्ये ‘अंत’ करतं. म्हणजे बोलणाऱ्याचं वाक्य जसंच्या तसं ठेवायची सवय आपल्याकडच्या मुलांना दोन्ही भाषांतून लागते. त्यामुळे ती इंग्रजीत उतरली तर नवल नाही, आणि ‘लक्ष देत नाहीस’ म्हणून मुलांवर ओरडणंही बरोबर नाही.

इंग्रजीतल्या ‘दॅट’चा हिशोब वेगळा आहे. ‘दॅट’नंतर जे काही येतं ते सांगणाऱ्याच्या जागेवरून बोलायचं असतं. ‘अण्णा सेड दॅट आय विल कम ऑन सॅटरडे’ असं लिहिलं की इंग्रजी वाचणाऱ्याच्या लेखी शनिवारी येणारा धाकटा ठरतो. बरोबर वाक्य असं: ‘अण्णा सेड दॅट ही वुड कम ऑन सॅटरडे.’

दुरुस्तीची सोपी युक्ती आपल्या मराठी वर्तमानपत्रातच आहे. बातमीत ‘मी निवडणूक लढवणार नाही असं ते म्हणाले’ याऐवजी ‘आपण निवडणूक लढवणार नसल्याचे त्यांनी सांगितले’ असं छापतात. मनातलं वाक्य आधी असं ‘असल्याचे’, ‘नसल्याचे’, ‘येणार असल्याचे’ या वळणावर आणा. पहिला ‘मी’ तिथंच गळून पडतो. मग त्या ‘आपण’च्या जागी ‘ही’ किंवा ‘शी’ घालून इंग्रजीत लिहा. वरचा मेसेज मग असा होतो: ‘सर हॅज सेड दॅट ही विल नॉट बी इन टुमॉरो. ही हॅज आस्क्ड यू टू सेंड द मटेरियल टुडे.’

इथं ‘विल’ का ठेवलं, असा प्रश्न दहावीच्या मुलाला पडेल. शाळेत ‘विल’चं ‘वुड’, ‘टुमॉरो’चं ‘द नेक्स्ट डे’ असं पाठ करून घेतात आणि परीक्षेत तसंच लिहावं. रोजच्या वापरात मात्र ‘उद्या’ अजून यायचा असेल आणि निरोप आजच देत असाल, तर ‘टुमॉरो’ हा टुमॉरोच राहतो, ‘विल’ही चालतं. आजच्या मेसेजमध्ये ‘द नेक्स्ट डे’ घातलंत तर वाचणारा कॅलेंडर उघडून बसेल. तोच किस्सा आठवड्यानं सांगायचा असेल तेव्हा ‘वुड’ आणि ‘द नेक्स्ट डे’ लागतात.

शंका आली तेव्हा

मराठीत ‘मला शंका आहे की पैसे त्यानेच घेतले’ म्हणजे त्यानं घेतले असावेत, असं आपल्याला वाटतं. हेच ‘आय डाउट दॅट ही टुक द मनी’ असं लिहिलं तर अर्थ नेमका उलटा होतो: त्यानं घेतले असतील यावर माझा विश्वास नाही. संशय घ्यायचा असेल तर ‘सस्पेक्ट’: ‘आय सस्पेक्ट दॅट ही टुक द मनी.’ तक्रार अर्जात ही चूक झाली तर ज्याच्यावर आरोप करायचा त्याचीच बाजू आपण घेऊन बसतो, म्हणून ही जोडी घोटून घ्यावी.

‘डिनाय’चंही जवळपास तसंच. ‘ही डिनाइड दॅट ही डिड नॉट साइन’ म्हणजे सही केली नाही हे त्यानं नाकारलं, म्हणजे सही केली! नकार ‘डिनाय’च्या पोटातच असतो, पुढं दुसरा ‘नॉट’ नको. ‘ही डिनाइड दॅट ही हॅड साइन्ड’ पुरे.

‘दॅट’ मुळी नकोच अशा जागा

आपली ‘की’ कुठंही चालते. प्रश्नाला चालते, हुकमाला चालते, विनंतीलाही चालते. ‘दॅट’ला एवढी मोकळीक नाही.

‘तिनं विचारलं की तू कुठं चाललास’ याचं ‘शी आस्क्ड दॅट व्हेअर आर यू गोइंग’ होत नाही. प्रश्नाचा शब्द आला की तोच सांधा जुळवतो, ‘दॅट’ निघून जातं, आणि पुढची रचना साध्या वाक्याची होते: ‘शी आस्क्ड मी व्हेअर आय वॉज गोइंग.’ ‘वॉज आय’ नव्हे, ‘आय वॉज’. हो किंवा नाही असं उत्तर असलेला प्रश्न असेल तर ‘इफ’ किंवा ‘वेदर’ घ्या. ‘ही आस्क्ड इफ द बस हॅड लेफ्ट.’

हुकूम आणि विनंती ‘टू’नं जोडायची. ‘टीचर टोल्ड दॅट ब्रिंग आधार कार्ड’ नको, ‘टीचर टोल्ड अस टू ब्रिंग अवर आधार कार्ड्स’ हवं. रजेच्या अर्जात ‘आय रिक्वेस्ट यू दॅट प्लीज ग्रँट मी लीव्ह’ फार दिसतं. तिथं ‘आय रिक्वेस्ट यू टू ग्रँट मी लीव्ह’ एवढंच लिहावं. ‘आय वाँट दॅट यू कम’ हेही ‘आय वाँट यू टू कम’ करावं.

‘सजेस्ट’ मात्र उलट चालीचं आहे. ‘मामा सजेस्टेड मी टू टेक सायन्स’ हे चुकीचं, आणि इथं ‘दॅट’च हवं: ‘मामा सजेस्टेड दॅट आय टेक सायन्स’ किंवा ‘आय शुड टेक सायन्स’. हे अवघड वाटत असेल तर ‘अ‍ॅडव्हाइज’ वापरा, ‘मामा अ‍ॅडव्हाइज्ड मी टू टेक सायन्स’, आणि मोकळे व्हा.

कुणाला सांगितलं?

‘से’, ‘टेल’च्या चुकांनी अर्थ बिघडत नाही, पण मुलाखतीत त्या लगेच कानात भरतात. ‘टेल’ला ऐकणारा माणूस लागतोच: ‘ही टोल्ड मी दॅट’. नुसतं ‘ही टोल्ड दॅट’ अर्धवट राहतं. ‘से’ला माणूस लागत नाही, आणि घालायचाच असेल तर मधे ‘टू’ हवा. ‘ही सेड मी’ कधीच नाही. ‘टेल’च्या ओळीत ‘इन्फॉर्म’, ‘रिमाइंड’, ‘अ‍ॅश्युअर’, ‘कन्व्हिन्स’ बसतात. यांना ‘टू’ लावू नका. ‘आय इन्फॉर्म्ड टू द मॅनेजर’ ही आपल्याकडची हमखास चूक. ‘से’च्या ओळीत ‘एक्स्प्लेन’, ‘मेन्शन’, ‘कम्प्लेन’, ‘अनाउन्स’ येतात. ‘शी एक्स्प्लेन्ड टू मी दॅट’ म्हणायचं, ‘एक्स्प्लेन्ड मी’ नाही. नवीन क्रियापद शिकाल तेव्हा ते माणसासकटच लिहून ठेवा, एकटं नको.

‘त्यानं असं सांगितलं की’ यातला ‘असं’ही इंग्रजीत नेऊ नका. ‘ही टोल्ड लाइक धिस दॅट’ ऐकू आलं की ‘लाइक धिस’ काढून टाका, काही बिघडत नाही. आणि ‘तो पुण्याला गेला म्हणे’ यातल्या ‘म्हणे’साठी ‘दे आर टेलिंग दॅट’ची गरज नाही. ‘आय हिअर दॅट ही हॅज गॉन टू पुणे’ हे त्याच्या सगळ्यात जवळचं.

‘दॅट’ कधी गाळावं

‘से’, ‘थिंक’, ‘नो’, ‘होप’ यांच्यामागचं ‘दॅट’ बोलताना सर्रास गळतं. ‘आय थिंक ही इज ॲट होम’ अगदी शुद्ध आहे. ‘इन्फॉर्म’, ‘एक्स्प्लेन’, ‘अनाउन्स’सारख्या कागदी क्रियापदांमागं ते ठेवलेलं बरं.

एका जागी मात्र ते गाळूच नये. समजा बातमी लिहिताय: ‘द ऑफिसर सेड दॅट द ट्रक वॉज ओव्हरलोडेड अँड द ब्रिज वॉज वीक.’ पूल कमकुवत आहे हे अधिकारी म्हणाला की बातमीदार स्वतः म्हणतोय? ‘अँड दॅट द ब्रिज वॉज वीक’ लिहिलं की ते अधिकाऱ्याच्याच नावावर जमा होतं. बातमी, पंचनामा, बैठकीचं इतिवृत्त, जिथं कोण काय म्हणालं याला पुढं किंमत येते, तिथं प्रत्येक ‘अँड’नंतर दुसरं ‘दॅट’ लिहायचा आळस करू नका.