गन्नोरुवाच्या लढाईचा नकाशा कसा काढावा

श्रीलंकेत कँडीचं राज्य आणि पोर्तुगीज यांच्यात २८ मार्च १६३८ ला झालेली ही लढाई नकाशात अनेकदा समोरासमोर दोन चौकोन आणि मध्ये दोन बाण एवढ्यावर उरकली जाते. पण पोर्तुगीज बुडाले ते परतीच्या वाटेवर. तेव्हा आधी वाट काढा, फौजा नंतर.

ए-३ कागद आडवा घ्या. १ सेंमी म्हणजे ५०० मीटर. डाव्या कडेला बलनाचा घाट, उजवीकडे कँडी. सरळ रेषेत अंतर सुमारे १६ किमी, म्हणजे ३२ सेंमी. पोर्तुगीजांचं मुख्य ठाणं कोलंबो या प्रमाणात मावणार नाही, त्यासाठी कोपऱ्यात १ सेंमीला १० किमी प्रमाणाचा छोटा नकाशा जोडा.

समोच्चरेषा (सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा) १०० मीटर उंचीच्या अंतराने पुरतात. महावेली नदी मात्र हात राखून काढू नका. पेरादेणियाजवळ ती मोठं वळण घेते आणि गन्नोरुवा त्या वळणापलीकडे आहे. वळण सरळ झालं की गन्नोरुवाची टेकडी भलत्याच काठावर जाते.

आजचा नकाशा खाली ठेवून गिरवणार असाल तर तीन गोष्टी खोडा: कँडीचं तळं (१८०७), कडुगन्नावाचा इंग्रजी रस्ता (१८२० चं दशक) आणि रेल्वे (१८६७). तळं तर हमखास राहून जातं.

आता हालचाली. पोर्तुगीज सेनापती दियोगु द मेलो द कास्त्रोचा बाण थेट कँडीत न्या आणि तिथे लढाईची खूण करू नका; शहर रिकामं करून ठेवलं होतं, पोर्तुगीजांनी ते जाळलं आणि ते मागे फिरले. परत वळलेला हाच बाण गन्नोरुवाला थांबतो. कँडीचा राजा दुसरा राजसिंह याची फौज सलग रेषेने न दाखवता टेकडीभोवती तुटक कड्याने दाखवा. वेढा होता, आघाडी नव्हती.

लस्करीन म्हणजे पोर्तुगीजांच्या चाकरीतले स्थानिक सैनिक. त्यांना वेगळा रंग हवाच. १६३० मध्ये रँडेनिवेलाच्या लढाईत त्यांच्याच मुदलियारांनी (स्थानिक सरदारांनी) ऐनवेळी बाजू बदलली होती. सगळे एकाच रंगात रंगवले तर हा कच्चा दुवा दिसत नाही. फौजांचे आकडे साधनांगणिक बदलतात, म्हणून बाणांची जाडी संख्येवर ठरवू नका. पोर्तुगीज सेनापती मारला गेला आणि ३३ पोर्तुगीज जिवंत हाती लागले, एवढं समासात लिहा.

डचांचा बाण काढायचा मोह आवरा. त्यांचा राजसिंहाशी पोर्तुगीजांविरुद्धचा तह २३ मे १६३८ चा, लढाईनंतरचा.