नर्सेसच्या पायांवरच्या फुगलेल्या शिरा: या चुका टाळा

वॉर्डात दिवसभर पायपीट झाली म्हणून शिरा फुगल्या, हा समजच मुळात चुकीचा. शिरांना खरा त्रास एका जागी उभं राहण्याचा. स्थिर उभं असताना घोट्याजवळच्या शिरेत ८०–९० मिमी पाऱ्याइतका दाब असतो. चालू लागलं की पोटरीचा स्नायू रक्त वर ढकलतो आणि शिरांमधल्या झडपा नीट असतील तर हा दाब ३० च्या खाली येतो. म्हणून ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) स्क्रब होऊन, म्हणजे हात निर्जंतुक करून, तासन्‌तास उभ्या सिस्टरने जास्त जपायला हवं. हात निर्जंतुक ठेवायचे असतात, टाचांना बंदी नाही! दर १५ मिनिटांनी १५–२० वेळा टाचा उचला.

सगळ्यात जास्त घोळ मोज्यांचा. वॉर्डातले पांढरे अँटी-एम्बॉलिझम (रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून घालायचे) मोजे घालून ड्युटी करू नका. ते पडून असलेल्या पेशंटसाठी असतात. घोट्याजवळ त्यांचा दाब साधारण १८ मिमी, तोही आडव्या पायाच्या हिशोबाने. ड्युटीसाठी कॉम्प्रेशन मोजे घ्या. युरोपीय मापात क्लास १ म्हणजे १८–२१ मिमी, क्लास २ म्हणजे २३–३२. शिरा ठळक फुगल्या असतील तर बहुधा क्लास २ लागतो, पण तो डॉक्टरांनी ठरवावा. मधुमेह असेल किंवा पायाची नाडी क्षीण लागत असेल, तर आधी पायाचा रक्तपुरवठा तपासून घ्या. क्रेप बँडेजवर भागवू नका. चालताना ते सैल होऊन घसरतं.

माप सकाळीच घ्या: घोट्याचा सर्वात बारीक घेर, पोटरीचा सर्वात जाड घेर, टाचेपासून गुडघ्याखालपर्यंतची उंची. ड्युटी संपल्यावर सुजलेल्या पायाचं माप घेतलं की मोजा ढिला येतो. घालायचाही सकाळीच, अंघोळीनंतर घालायचा तर आधी १०–१५ मिनिटं पाय उंचावर ठेवून पडा. मोजा टाचेपर्यंत उलटा करा, टाच बरोबर बसवा, मग भांडी घासायचे रबरी हातमोजे घालून वर सरकवा. वरची कड दुमडू नका, तिथे दुप्पट दाब बसून रक्त अडतं. साधारण सहा महिन्यांनी जोड बदला.

एकच पाय अचानक सुजून दुखू लागला तर तो चोळू नका, आत गुठळी असू शकते; त्याच दिवशी डॉपलर (शिरांची सोनोग्राफी) करा. दम लागला तर थेट कॅज्युअल्टी. शीर फुटून रक्त आलं तर वर पट्टा आवळू नका. आडवं पडा, पाय उंच करा आणि गॉजने १० मिनिटं सलग दाबून धरा.