कावीळ ‘किती’च्या आधी ‘कुठली’ ते बघा

“कावीळ किती आहे हो?” रिपोर्ट हातात घेताना जो तो हेच विचारतो. वीस वर्षं लॅबमध्ये रक्त तपासतेय. माझ्या मते आधी ‘कुठली’ विचारावं.

सेंट्रीफ्यूजमधून (नळ्या गरगर फिरवणाऱ्या यंत्रातून) रक्ताची नळी काढली की तांबड्या पेशी तळाला बसलेल्या असतात, वर फिकट पिवळा सीरम. काविळीत तोच पिवळाजर्द, कधी तपकिरीकडे झुकलेला. हा रंग बिलिरुबिनचा. तांबडी पेशी साधारण 120 दिवस जगते. ती मोडली की हिमोग्लोबिनपासून आधी हिरवं, मग पिवळं द्रव्य, म्हणजेच बिलिरुबिन, बनतं. मुका मार लागून काळंनिळं झालेलं पुढे हिरवं-पिवळं पडतं, ते हेच. हे द्रव्य पाण्यात विरघळत नाही, म्हणून रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाच्या पाठुंगळीवर बसून यकृतात जातं. यकृत त्याला विरघळण्याजोगं करून पित्तातून आतड्यात सोडतं. शौचाचा तपकिरी रंग तिथलाच.

या वाटेत कुठे अडलं, ते घरीही थोडंफार कळतं. डोळे दिवसाच्या उजेडात बघा, ट्यूबलाइटखाली फसगत होते. बिलिरुबिन दर डेसिलिटर (100 मिलिलिटर) रक्तात 1.2 मिलिग्रॅमपर्यंत ठीक. पण डोळ्यांत पिवळेपणा दिसायला ते साधारण 2.5 ते 3 मिलिग्रॅमवर जावं लागतं. तळहात पिवळे आणि डोळे पांढरेशुभ्र असतील तर बहुधा ती कावीळ नव्हेच.

मग लघवी. पारदर्शक बाटलीत घेऊन हलवा. फेस पिवळा आला तर विरघळणारं, म्हणजे रिपोर्टातलं ‘डायरेक्ट’ बिलिरुबिन उतरलंय. बिघाड यकृतात किंवा त्याच्या पुढे. यकृतात म्हणजे दूषित पाण्यातून येणारा हिपॅटायटिस ए किंवा ई, रक्तातून येणारा बी किंवा सी, दारू, नाहीतर औषधं. (पॅरासिटामॉलचा जादा डोससुद्धा. लोकांना हे खरंच वाटत नाही.) शौच मातकट पांढरी आणि अंगाला खाज सुटलेली असेल, तर पित्तनलिका तुंबल्याचा संशय घ्यावा: खडा, किंवा स्वादुपिंडातली गाठ.

डोळे पिवळे पण फेस पांढराच? मग ‘इनडायरेक्ट’, म्हणजे यकृताने अजून विरघळण्याजोगं न केलेलं बिलिरुबिन वाढलेलं असण्याची शक्यता जास्त. मलेरिया, सिकलसेल अशा आजारांत पेशी भराभर मोडतात. किंवा नुसता गिल्बर्ट सिंड्रोम, म्हणजे यकृताचं हे काम जन्मतःच जरा मंद असणं. उपाशी राहिलं की आकडा चढतो, धोका काही नाही. फेसावरून अंदाज येतो, निदान होत नाही. रक्त द्यावंच लागतं.

गुंगी, बरळणं, थंडी वाजून ताप यांतलं काही सोबत असेल तर रिपोर्टची वाट बघत बसू नका, थेट इस्पितळ गाठा. नवजात बाळाची दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीची कावीळ बहुतेक वेळा ओसरते, तरी डॉक्टरांना दाखवा. पहिल्या 24 तासांत दिसली तर मात्र तत्क्षणी.

काविळीचा नमुना आला की मी नळी काळ्या कागदात गुंडाळते. उजेडाने बिलिरुबिन मोडतं आणि आकडा खोटाच कमी येतो. बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवतात, तेही याच गुणावर.